चार भांडी, एकतीस घरांची

सांगली, ता. ९ फेब्रुवारी १९९७

बनुवहिनींस केरूचा सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र डिसेंबरात आलं आणि उत्तर मी आज लिहितोय, त्याची आधी माफी मागतो. गुडघा धरला होता हे खरं आहे, पण गुडघ्यानं कुणी पत्र लिहीत नाही, असं तुम्ही म्हणालच. एक पत्र अर्धं लिहून फाडलं. दुसरं पूर्ण लिहिलं, पेटीपर्यंत नेलं आणि पत्ता चुकला असेल असं वाटून परत आणलं. पत्ता बरोबर होता.

दादा गेल्यापासून तुमच्या घरात पहिलं कार्य. पायलचं लग्न अकरा मेला ठरलं हे वाचून बरं वाटलं. पत्र तिच्याच अक्षरात आहे, तेव्हा हेही तीच वाचून दाखवत असणार. पोरी, आजीला सावकाश वाचून दाखव. डाव्या कानाच्या बाजूला बसू नकोस.

नव्या घराचं विचारलंत. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक आहे. ऑक्टोबरात आलो. कपिल आणि सूनबाई आम्रपाली यांनी ठरवलंय, की घरात वस्तू मोजक्या ठेवायच्या, पण ठेवायच्या त्या चांगल्या. इथल्या महिला मंडळात कुणी बाई येऊन बोलल्या, ते सूनबाईच्या मनानं घेतलं. वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही ती घरात नको, असा नियम आहे. आम्हा तिघांना सहा ताटं, सहा वाट्या. पातेली चारच, पण जाड बुडाची, काही करपत नाही. माझे सात सदरे होते, सगळे कॉलरीला विरलेले. आता तीन आहेत, मापानं शिवून घेतलेले. घर छान दिसतं. खोटं का बोलू, हवा खेळते.

कपिलच्या आईनं, बायडाबाईनं शिवलेल्या सात वाकळा होत्या. त्यांच्या जागी दोन लोकरी ब्लँकेटं आली. वाकळा कुठं गेल्या ते मी विचारलं नाही. ऊब ब्लँकेटाला जास्त आहे. फक्त झोपेत हात टाके चाचपत राहतो. आणि सुतळीचा तुकडा लागला तर जिने उतरून दुकानात जावं लागतं. मी बंडल बांधायची सुतळी कधी टाकत नसे, तुम्हाला माहीत आहे.

समाजाच्या भांड्यांचं तुम्ही विचारलंत. चारही भांडी सुखरूप आहेत. कल्हईला टाकली आहेत. कल्हईवाला हल्ली एकच उरलाय, त्याच्याकडे गर्दी फार. लग्नापर्यंत होतील. काळजी करू नका.

तुमची तब्येत कळवा. इकडे सर्व ठीक.

आपला,
केरू


सांगली, ता. ६ मार्च १९९७

बनुवहिनींस सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. आप्पासो पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन भांडी न्यायला येणार, असं तुम्ही लिहिलंत. आप्पासोला पाठवू नका. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून मी पोस्टात स्वतः जाऊन टाकतोय. खालच्या पेटीवर माझा विश्वास नाही, तिचं कुलूप नुसतं लोंबतं.

वहिनी, मागच्या पत्रात मी कल्हईचं लिहिलं ते तुम्हाला घोर लागू नये म्हणून. भांडी कल्हईला नाहीत. भांडी नाहीतच.

जुन्या खोल्या सोडल्या तेव्हा मी इथं नव्हतो. कपिल म्हणाला, बाबा, सामान हलवायच्या धुळीत तुम्हाला खोकला होईल, तुम्ही आठ दिवस शालूकडे साताऱ्याला जाऊन या. लेकीकडे जायला कुणाला नको असतं? गेलो. परत आलो तो थेट नव्या घरात. जुन्या खोल्यांना दुसऱ्याचं कुलूप. इथं चारही खोल्या फिरून पाहिल्या, माळा पाहिला, संडासच्या वरची फळीसुद्धा पाहिली. दोन थोरली पातेली, परात आणि हंडा, एवढी दांडगी भांडी काय पडद्यामागं लपणार?

सामान टेम्पोतून आलं. टेम्पो जतच्या बिराप्पाचा. पलीकडच्या गल्लीत राहतो. माणूस तसा चांगला आहे. पण तीन खेपा झाल्या आणि मधल्या खेपेला सोबत घरचं कुणी नव्हतं, असं ऐकतो. मी कुणावर आळ घेत नाही. गेली ती वाटेत गेली, एवढंच मला कळतं. तुम्ही बैठकीत एवढंच सांगा.

इतके महिने का कळवलं नाही म्हणून रागवाल. रागवा. पण मी तरी काय करणार होतो? म्हातारा माणूस, दुसऱ्याच्या घरात.

कपिलचं घर म्हणजे माझंच घर, हे मला कळतं. हातून लिहून गेलं. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून तसंच ठेवतो.

आपला,
केरू


सांगली, ता. १५ एप्रिल १९९७

वहिनी,

हे पत्र हाती पडताच पहिलं काम करा. बिराप्पाचा टेम्पो सोडायला सांगा. त्यानं काही नेलेलं नाही. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल, आधी आप्पासोला बोलावून एवढं सांगा.

काल जयंती. कपिल म्हणाला मिरवणुकीला चला, मी गुडघ्याचं निमित्त केलं. ते दोघं गेल्यावर बेल वाजली. दारात बिराप्पा. डोक्याला फेटा नव्हता, मला आधी ओळखूच आला नाही. आत ये म्हटलं, आला नाही. उंबऱ्याबाहेरच बसला. त्यानं सांगितलं ते तुम्हाला माहीतच असेल. आटपाडीला भाडं घेऊन गेला होता, येताना आप्पासो आणि चार पोरांनी स्टँडवर गाठलं, टेम्पो वस्तीत नेऊन उभा केला आणि चावी काढून घेतली. भांडी आण आणि गाडी ने. आठ दिवस झाले. इकडे द्राक्षाचा हंगाम, बागवाले त्याची वाट पाहून दुसऱ्याची गाडी लावतात. त्याचे भाऊबंद जतहून माणसं घेऊन निघाले होते, त्यानंच त्यांना थांबवून धरलंय.

"नाना," तो म्हणाला, "तुमचं कपाट म्या पाठीवर तीन मजलं चढिवलं. पाणी प्यालो तुमच्या घरचं. आन् तुमी माजंच नाव लिवलं व्हय?"

मी उंबऱ्याच्या आत खाली बसलो.

"मला लिवता येत न्हाई म्हून मी काय लिवलंच न्हाई तुमच्याबद्दल. न्हाईतर मलाबी लय ठावं हाय."

कारण वहिनी, तो तिथं होता. भांडी टेम्पोत चढलीच नव्हती, ती हातगाड्यावरून पेठेत गेली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मला ते ऑक्टोबरापासून ठाऊक होतं.

आता नीट लिहितो.

घर बदलायच्या आधी कपिलनं मला खडू आणून दिला. म्हणाला, बाबा, तुमच्या वस्तूंपैकी पाच निवडा आणि त्यांवर खूण करा. तेवढ्या आपण नेऊ. बाकीचं काढून टाकू. मी दोन दिवस घरातून खडू घेऊन हिंडलो. माझी ट्रंक, रेडिओ, बायडाबाईचा पाटा, डेपोतून निवृत्त होताना मिळालेली खुर्ची, तिच्या आईची पितळी समई. पाच झाल्या. समाजाच्या भांड्यांवर मी खूण केली नाही. माझ्या मनात आलंच नाही. ती माझी होती कुठं? माझ्या पाचांत त्यांना कसं धरायचं? दुसऱ्याच्या गाईवर आपला डाग देतात का? मी साताऱ्याला निघून गेलो, आणि खडू नसलेलं सगळं मोडीत गेलं.

परत आल्यावर मी विचारलं. कपिल म्हणाला, तुम्ही खूण केली नव्हती. मला वाटलं, चूक झाली पोराकडून. पेठेत मोड घेणाऱ्या त्या दुकानी गेलो. दुकानदारानं सांगितलं, त्याच आठवड्यात भट्टीत गेली. त्यानं स्टूल पुढं केलं. चुकीला काय करणार, असं म्हणून मी सहा महिने गिळत राहिलो.

काल मिरवणुकीहून दोघं आले तेव्हा बिराप्पा नुकताच गेला होता. मी कपिलला विचारलं, भांड्यांवर कोरलेलं नाव तू वाचलं नव्हतंस का? बौद्ध समाज, पुढं गावाचं नाव, १९५८. हातभर अक्षरं होती. कपिलनं टोपी काढली, नीट घडी घातली. खोटं बोलला असता तर मी मानलं असतं, वहिनी.

"वाचलं होतं. वाचूनच दिली," म्हणाला. "बाबा, किती दिवस ते जपायचं? आता मांडववाला सगळ्या गावाला एकच भांडी देतो. कुणाला जात विचारत नाही. तुम्हीच आम्हाला म्हणायचात ना, जुनं टाका, पुढं चला?"

"तो देतो, म्हणून आपण घेतो," मी म्हणालो. "ही आपली होती. कुणी दिलेली नव्हती."

"मग समाजाला मी नवी घेऊन देतो. यापेक्षा चांगली."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रडायला लागली. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आपली पातेली त्याच मोडीवर घेतलेली का?" कपिल टोपी घेऊन आत गेला. ती जाड बुडाची चार पातेली. सहा महिने माझा भात त्यांत शिजतोय. मला ठाऊक होतं का? दुकानदारानं तेव्हाच सांगितलं होतं, आजोबा, तुमच्या मुलानं बदल्यात फार चांगला माल निवडला. ठाऊक होतं. जेवत होतो.

पायल, तुला ही भांडी काय ते कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. तुझ्या आजीचं लग्न झालं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. गाव आम्हाला भांडी देत नसे. भात शिजवायला मोठं भांडं वस्तीत एकही नव्हतं. दुकानातून रॉकेलचे रिकामे डबे आणले आणि वरची झाकणं कापली. ओढ्यावर बसून मीच ते राखेनं आणि वाळूनं घासले. दिवसभर घासले, हात सोलले. तरी भाताला वास आलाच. आजीचा बाप पंगतीत पहिला बसला होता. त्यानं पहिला घास घेतला, थांबला, आणि मान खाली घालून पान संपवलं. त्याचं बघून सगळ्या वऱ्हाडानं संपवलं. मी वाढत होतो. मला आजही तो माणूस चावताना दिसतो.

पुढं धर्म बदलल्यावर दोन वर्षांनी बैठक बसली. एकतीस घरं. पैसा कुणाकडे नव्हता. असं ठरलं की प्रत्येक घरानं आपलं एक भांडं द्यायचं. कुणी तांब्या दिला, कुणी फुलपात्र दिलं. बनुवहिनींनी माहेरची कळशी दिली, घरात पितळेचं तेवढंच होतं. पुढं दोन वर्षं त्यांनी मडक्यानं पाणी भरलं. ते सगळं पोत्यांत भरून दादा आणि मी सांगलीला आलो आणि त्याची चार भांडी घेऊन गेलो. फार नाहीत, चारच. पण तळ असा जाड, की दोनशे माणसांचा भात खाली लागत नसे. वेशीतून आत नेताना दादानं हंडा डोक्यावर उपडा घातला होता, त्याला पुढचं दिसत नव्हतं, पोरं त्याच्या हाताला धरून चालली होती.

ते मोडीत गेलं. माझ्या पोरानं नाव वाचून दिलं. आणि ते झाकायला मी बिराप्पाचं नाव लिहिलं.

टेम्पो आजच सोडायला सांगा.

केरू


सातारा, ता. २४ एप्रिल १९९७

बनुवहिनींस जयभीम.

नऊ दिवस झाले. तुमचं काही आलं नाही. बिराप्पाचा टेम्पो सुटल्याचं कळलं, म्हणजे पत्र पोचलं.

वर पत्ता बदललेला दिसेल. मी शालूकडे आलोय. कपिलनं हाकललं नाही, उलट स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आला, खिडकीशी उभा राहून गोळ्या वेळेवर घ्या म्हणाला. मला त्या घरात घास गिळवेना, एवढंच. सूनबाईनं ती पातेली माळ्यावर टाकली आणि शेजारची मागून आणली. ते बघून आणखीच जड झालं. तिचा काय दोष? ती मला रोज गरम भाकरी करून घालत होती. तिनं घर सुटसुटीत करायचं म्हटलं, चोरी करायचं म्हटलं नव्हतं.

शालूनं मला रोज विचारावं आणि मी रोज सांगावं, कपिलनं दगा दिला, पोटच्या पोरानं दगा दिला. परवा ती धुणं वाळत घालताना म्हणाली, "बाबा, पण भांडी पाच वर्सं तुमच्या घरात काय करत हुती?"

मी तिच्यावर ओरडलो. त्याचं उत्तर आता तुम्हाला लिहितो, कारण विचारायचा हक्क तुमचा आहे आणि तुम्ही कधी विचारलं नाही.

एक्याण्णव साली गावात कल्हईवाला यायचा बंद झाला, समाजमंदिराचं छप्पर बसलं, म्हणून भांडी मी सांगलीला आणली. महिन्याभरात कल्हई झाली. पुढच्या साली छप्परही झालं. आप्पासोनं दोनदा निरोप धाडला, भांडी आता इथं ठेवू. मी दोन्ही वेळा कारण सांगितलं. एकदा म्हणालो, गावात चोर फार. एकदा म्हणालो, कल्हई इथंच करून घेतलेली बरी.

त्याच वर्षी बायडाबाई गेली. त्यानंतर गावाकडचं कोण येणार होतं माझ्याकडे? पण कुणाचं लग्न निघालं की माणसं भांडी न्यायला यायची. आधल्या दिवशी यायची, चहा प्यायची, कुठली सोयरीक, कुठलं गाव, सगळं सांगायची. भांडी परत आणून द्यायला पुन्हा यायची. मी त्यांच्यासमोर भांडी मोजून घ्यायचो. चारच भांडी, पण मी मोठ्यानं मोजायचो. शेजारच्या खोल्यांतले बघायचे, केरूकडे पाहुणे आलेत. कपिलला हे आवडत नसे, नोकरीवरून आलं की खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. तो म्हणायचा, बाबा, परत देऊन टाका ना त्यांची. चारपाच वेळा म्हणाला असेल. मी त्यालाही कारणं सांगितली.

म्हणजे द्यायची होती तेव्हा मी दिली नाहीत, आणि माझी नव्हती म्हणून मी खूण केली नाही. पोरानं केलं त्याला मी माफ केलेलं नाही. पण त्याच्या हाती भांडी लागली ती माझ्यामुळे. तुम्ही बैठकीत उभं राहून सांगितलंत, केरूभावजीकडे आहेत म्हणजे बँकेत आहेत. हे मला आप्पासोच्या पोरानं गेल्या वर्षीच सांगितलं होतं. मी ते चारचौघांत मिरवलंही होतं. तुमच्या शब्दाला मी असा उतरलो.

कपिलनं शालूच्या शेजारी फोन करून निरोप दिलाय, की तो नवी भांडी घेऊन गावी पाठवणार. पायलच्या लग्नाआधी. मी उलट फोन करून त्याला नको म्हणालो. तरीही पाठवली तर परत करायची की ठेवायची, ते एकतीस घरांनी ठरवावं. त्यावर कुणाचं नाव कोरायचं, हेही. ते माझ्या किंवा कपिलच्या हातचं नाही. पण ती गेलीच तर त्यांच्यासोबत कपिलनं स्वतः गेलं पाहिजे आणि नाव वाचलं होतं असं सांगितलं पाहिजे, एवढं मी त्याला बजावलंय. त्यानं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला नाही.

माझं सांगतो. या पत्रातलं काही झाकू नका. पायल, बैठक बसेल तेव्हा हे पत्र समाजमंदिरात उभं राहून वाच. बिराप्पाचं आधी वाच. त्याची माफी मी त्याच्या घरी जाऊन मागितली, तो बायकोला म्हणाला, नानांना पाणी दे.

लग्नाला यायचा माझा हक्क राहिलेला नाही. पण मला यायचं आहे. पंगतीला बसायला नाही. भांडी कुठं आहेत असं कुणी तुम्हाला विचारायच्या आधी पुढं होऊन सांगायला, म्हणजे नातीच्या लग्नात तुमची मान खाली जाणार नाही. वऱ्हाड यायच्या आधी येईन, सांगून परतीची एस.टी. धरीन. पायलच्या मनात नसेल तर वेशीतूनच आप्पासोला सांगून फिरेन. तिच्या दिवसाला माझा डाग नको.

टपालवाला इथं अकराला येतो. मी साडेदहापासून जिन्यात बसतो, शालू ओरडते. एका ओळीचं कार्ड टाका. या असं लिहिलंत तरी चालेल, येऊ नका असं लिहिलंत तरी चालेल, मी दोन्ही वाचीन. फक्त कोरं ठेवू नका. सतरा दिवस उरलेत, टपालाला चार जातात. साताऱ्याच्या पत्त्यावर, लवकर कळवा, वहिनी.

केरू